गोदामातलं वर्ष

माझे वडील पेट्या दुरुस्त करायचे. मिरजेचं नाव सतारी-तंबोऱ्यांसाठी मोठं, पण ते काम शिकलगारांच्या घराण्यांचं. आम्ही त्या मानाने कडेचे. अब्बांच्या खोलीत सतार कधी आली नाही, पेट्या आल्या. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, कव्वालांच्या, क्वचित एखाद्या जुन्या नाटकवाल्याच्या घरातली पायपेटी. भात्याला भोक पडलेलं असायचं, पट्ट्या वर-खाली झालेल्या असायच्या, सूर फाटलेले असायचे. आमच्या घरात 'सूर' ही वस्तू होती. ती पितळेची असायची आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवता यायची.

१९८७ साली मायकेल जॅक्सनचं 'बॅड' आलं, तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. ती कॅसेट आमच्यापर्यंत पोचायला आणखी काही महिने गेले. एका मित्राच्या भावाने मुंबईहून आणली आणि एका रात्रीच्या बोलीने मी ती घरी नेली. अब्बा कानशीने सूर घासत बसले होते. जॅक्सनचं गाणं त्यांना आवडण्याचं काही कारण नव्हतं. पण गाण्याच्या मध्ये गायक थांबतो आणि एक वाद्य मध्ये घुसतं. थोडकंच वाजतं, पण एखाद्या बेरकी माणसाने भर बैठकीत दोन वाक्यं बोलून निघून जावं तसं. अब्बांनी कानस खाली ठेवली.

"कौन है रे ये पेटीवाला?"

मी म्हटलं, "पेटी नाही अब्बा, मशीन आहे. कीबोर्ड."

"मशीन ऐसा नहीं बोलता," ते म्हणाले आणि परत सूर घासायला लागले.

कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरांत वादकांची नावं होती. त्या तुकड्यापुढे नाव होतं जिमी स्मिथ. म्हणजे आपल्याकडे 'पाटील' म्हटल्यासारखंच. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि विसरलो. पुढे फेब्रुवारी २००५ मध्ये वर्तमानपत्रात एक छोटी बातमी वाचली. जाझ संगीतातला ऑर्गनवादक जिमी स्मिथ अ‍ॅरिझोनात वारला. मायकेल जॅक्सनच्या त्या गाण्याचा उल्लेख वाचल्यावर वही आठवली. मग मात्र मी त्याच्या मागे लागलो. त्याची पहिली एलपी मिळवायची ठरवली आणि ती मिळाली. आज त्या तबकडीविषयीच बोलायचं आहे, पण त्याआधी त्या वाद्याविषयी बोलावं लागेल. कारण अब्बा आणि मी, दोघांचंही बरोबर होतं. ते मशीनच होतं.

लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकन इंजिनिअर. त्याला संगीत येत नव्हतं, एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. तो घड्याळं बनवायचा. विजेच्या प्रवाहाच्या ठरावीक गतीवर फिरणारी मोटर त्याने तयार केली होती आणि त्या मोटरवर त्याची घड्याळं चालायची. १९२९ नंतरच्या मंदीत घड्याळांचा धंदा बसला. मग त्याने पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबल काढून पाहिलं. तेही फार चाललं नाही. शेवटी त्याच मोटरवर १९३५ साली त्याने ऑर्गन आणला.

पेटीत हवा सुरावरून जाते आणि सूर थरथरतो. हॅमंडच्या ऑर्गनमध्ये हवेचं काहीच काम नाही. आत पोलादाच्या दातेरी चकत्या फिरत असतात, पुढच्या मॉडेल्समध्ये एक्क्याण्णव. प्रत्येक चकतीशेजारी एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दाते चुंबकासमोरून गेले की तारेत विजेची लाट उठते. ती मोठी करून स्पीकरला दिली की आवाज. पट्ट्यांच्या दोन ओळी, प्रत्येकीत एकसष्ट. पायाखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ, पंचवीसची. वर ओढायच्या दांड्या, नऊ-नऊच्या संचात. त्या कमी-जास्त ओढून एका स्वरात त्याचे वरचे-खालचे स्वर किती मिसळायचे ते ठरवायचं. सगळं मिळून वजन दोनशे किलोच्या घरात.

हे वाद्य हॅमंडने कोणासाठी बनवलं? गरीब चर्चसाठी. चर्चचा खरा ऑर्गन म्हणजे नळ्यांचा, भिंतभर पसरलेला. एकेकाची किंमत हजारो डॉलर. हॅमंडचा सुरुवातीला सव्वा हजार डॉलरच्या आसपास मिळायचा. जाहिरात अशी होती की नळ्यांच्या ऑर्गनमधून जे निघतं ते सगळं यातून निघतं. नळ्यांचे ऑर्गन बनवणारे चिडले. प्रकरण फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेकडे गेलं. आणि मग एक मजेशीर परीक्षा झाली. शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये खरा नळ्यांचा ऑर्गन होता. तिथेच हॅमंडचे स्पीकर दडवून ठेवले. संगीतातले जाणकार बसवले, विद्यार्थी बसवले. एकच तुकडा कधी यावर वाजवायचा, कधी त्यावर, आणि ओळखा म्हणायचं. जाणकारांचंसुद्धा साधारण तीनातलं एक उत्तर चुकलं. तरी १९३८ साली कमिशनने निकाल दिला तो असा, की नळ्यांच्या ऑर्गनची बरोबरी करतो अशा थाटाचे दावे हॅमंडने जाहिरातीत करू नयेत. 'ऑर्गन' हे नाव मात्र ठेवायला हरकत नाही.

मला ही परीक्षा वाचताना हसू आलं, आणि थोडं टोचलंही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कविसंमेलनानंतर एक सज्जन माझा हात हातात घेऊन म्हणाले होते, "काय हो तुमची मराठी! डोळे मिटून ऐकलं तर कळणारसुद्धा नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला पास केलं होतं त्यांनी.

आणि आपणही काही मागे नव्हतो. ज्या रेडिओवरून मी हे बोलतो आहे, त्याच रेडिओने मार्च १९४० पासून पेटीला मनाई केली होती. पेटी परदेशी, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ती आपल्या गाण्याला बिघडवते, असं तेव्हाच्या थोरामोठ्यांचं म्हणणं होतं. ती मनाई १९७१ साली काही अंशी उठली. म्हणजे तीस वर्षं. त्या तीस वर्षांत गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात पेटी कुठे थांबली होती? कीर्तनात वाजत होती, नाटकात वाजत होती, उरुसात वाजत होती. आक्षेप खोटा होता असं मी म्हणत नाही. पेटीत मींड निघत नाही, हे खरंच आहे. पण चांगला पेटीवाला त्या नसलेल्या मींडेभोवती बोटं अशी फिरवतो की ऐकणाऱ्याला ती भासते. वाद्याची उणीव भरून काढायला माणूस जे करतो, ते त्या वाद्याचं खास बोलणं होऊन बसतं. हॅमंडचंही तेच झालं.

हॅमंडच्या वाद्यात एक दोष होता. पट्टी दाबली की स्वराच्या आधी बारीकसा 'टक्' आवाज यायचा. आतले धातूचे संपर्क जुळताना व्हायचा तो. चर्चमध्ये शांत प्रार्थनेच्या वेळी तो कानाला लागतो. इंजिनिअरांनी तो घालवायचा परोपरीने प्रयत्न केला. जाझवाल्यांना नेमका तोच हवा होता. कारण त्या 'टक्'मुळे स्वराला कड येते, ताल स्वरातच येतो. तबल्यावर 'ना'ची चाट जशी कानाला लागते तसं काहीसं.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हा ऑर्गन लवकरच पोचला. शिकागोतल्या एका चर्चमध्ये १९३९ सालीच तो गॉस्पेल गाण्यांबरोबर वाजत होता. तिथलं गाणं म्हणजे टाळ्या, हाका, रडणं, अंगात येणं. आमच्याकडे मीरासाहेबांच्या उरुसात पहाटेला कव्वाल एकाच ओळीवर अडून बसतो आणि पेटी त्याच्या मागून रेटा देत राहते, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

जाझमध्ये ऑर्गन त्याआधीही होता. फॅट्स वॉलर हा धर्मोपदेशकाचा मुलगा, त्याने १९२६-२७ मध्येच नळ्यांच्या ऑर्गनवर जाझ ध्वनिमुद्रित केलं होतं. काउंट बेसी त्याच्याकडूनच ऑर्गन शिकला. हॅमंड आल्यावर वाइल्ड बिल डेव्हिसने तो क्लबात रूढ केला. पण डेव्हिस ऑर्गन वाजवायचा तो अख्खा बँड वाजवल्यासारखा. भरगच्च, दहा-बारा वाद्यं एकदम उठल्यासारखा. त्यामुळे समज असा झाला की या वाद्याचं काम एवढंच. एरवी ते बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या मैदानात वाजायचं आणि रेडिओवरच्या कौटुंबिक मालिकांत, नायिकेला रडू फुटलं की. जाझचे रसिक नाक मुरडायचे.

जिमी स्मिथ फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा. जन्म ८ डिसेंबरचा, वर्ष मात्र कुठे १९२५ लिहिलेलं सापडतं, कुठे १९२८. आमच्याकडेही शाळेत घालताना मास्तर लिहील तो जन्म. बाप पियानो वाजवायचा, बापलेक मिळून गाण्या-नाचण्याचे कार्यक्रम करायचे. नऊ वर्षांचा असताना रेडिओवरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत तो पहिला आला होता. पुढे नौदलात गेला. परत आल्यावर, युद्धावरून आलेल्यांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळायची तिच्यावर फिलाडेल्फियात संगीताच्या शाळांत शिकला. पियानो वाजवत एका लोकप्रिय गाण्यांच्या बँडमध्ये पोट भरू लागला. डॉन गार्डनरचा बँड होता तो. असे हजारो पियानोवाले त्या काळात होते. त्यातला हा एक.

मग त्याने वाइल्ड बिल डेव्हिसला ऐकलं. त्याला विचारलं, हे शिकायला किती दिवस लागतील? डेव्हिसने सांगितलं की पायाच्या पट्ट्या शिकण्यातच वर्षं जातील. हे पुढे जिमीनेच सांगितलं आहे. आणि त्याने जे केलं तेही त्याच्याच तोंडून आलेलं आहे. त्याने व्याजाने पैसे देणाऱ्या सावकाराकडून कर्ज काढलं आणि ऑर्गन घेतला. ठेवायला घरात जागा नाही, म्हणून तो फिलाडेल्फियातल्या एका गोदामात नेऊन टाकला. आणि तिथेच बसला. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. एका कागदावर पायाच्या पट्ट्यांचं चित्र काढून ते समोरच्या भिंतीला लावलं, म्हणजे खाली वाकून बघायला नको. सुरुवातीला नजर चित्रावर आणि पाय अंधारात.

सन असेल १९५४-५५ च्या आसपासचा. वय पंचविशी उलटून गेलेलं, जन्मवर्ष कोणतंही धरा. पियानोवादक म्हणून चार पैसे मिळत असताना, एका वाद्यात तयार झालेला हात बाजूला ठेवून माणूस पुन्हा 'सा'पासून सुरुवात करतो, तेही कर्जाच्या वाद्यावर. ऐकणारं कोणी नाही, शिकवणारं कोणी नाही. मला त्याच्या पुढच्या यशापेक्षा हे गोदाम जास्त दिसतं. तिथे काय घडलं याची ध्वनिमुद्रणं नाहीत. पण बाहेर जे आलं त्यावरून अंदाज बांधता येतो.

बाहेर आलं ते असं. त्याने दांड्यांपैकी पहिल्या तीनच पूर्ण ओढल्या, बाकी बंद ठेवल्या. म्हणजे बँडचा भरगच्च आवाज गेला आणि एक सडक, टोकदार आवाज उरला. तेवढ्यात हॅमंडचं बी-३ हे मॉडेल आलं होतं. त्यात स्वराच्या सुरुवातीला ठोका देणारी एक नवी सोय होती, ती त्याने धरली. मग उजव्या हाताने तो ऑर्गनवर ऑर्गन वाजवेनासा झाला, चार्ली पार्करचा सॅक्सोफोन वाजवू लागला. लांब लांब ताना, मध्येच तुटणाऱ्या, श्वास घेतल्यासारख्या. ज्या वाद्याला श्वास घ्यावाच लागत नाही, पट्टी दाबून ठेवली तर वीज जाईपर्यंत वाजेल, त्या वाद्याला त्याने श्वास घ्यायला लावला. डावा हात खर्जात चालत राहायचा, एका मात्रेला एक स्वर, आणि पाय त्या स्वरांना खालून ठोका द्यायचे. त्यामुळे त्याच्या संचात बासवाला नाही. ऑर्गन, गिटार, ड्रम, संपलं. तीन माणसांचा बँड. क्लबच्या मालकांना हा हिशेबही आवडला असणार.

जानेवारी १९५६ मध्ये हार्लेममधल्या 'स्मॉल्स पॅरडाइज' या जुन्या क्लबात तो वाजवायला लागला. तिथे त्याला ऐकायला दोन माणसं आली, आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ. या दोघांविषयी थोडं सांगितलंच पाहिजे. दोघेही बर्लिनचे ज्यू, लहानपणापासूनचे दोस्त. लायनने सोळाव्या-सतराव्या वर्षी, १९२५ साली, बर्लिनमध्ये सॅम वुडिंगचा कृष्णवर्णीयांचा बँड ऐकला आणि तो जाझचा झाला. हिटलर आल्यावर जर्मनी सुटली. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये लायनने 'ब्लू नोट' ही छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. वुल्फ त्याच वर्षी कसाबसा निसटून आला आणि तिला येऊन मिळाला. वुल्फ छायाचित्रकार होता. म्हणजे बघा, आपल्या देशात ज्यांना नको म्हटलं गेलं अशी दोन माणसं, दुसऱ्या देशात ज्यांना मागच्या दाराने यायला लावलं जायचं अशा वादकांची गाणी, स्वतःच्या खिशातून ध्वनिमुद्रित करत होती. त्या दोघांचं इंग्रजी शेवटपर्यंत जर्मन वळणाचंच राहिलं.

वुल्फने पुढे त्या रात्रीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. डोळे मिटलेले, चेहरा वेडावाकडा, वाद्यावर ओणवा झालेला माणूस, बोटं पिसाटासारखी आणि पाय खाली नाचत असलेले. ते ऐकून लायनने वेळ घालवला नाही. १८ फेब्रुवारी १९५६ ला पहिल्या एलपीचं ध्वनिमुद्रण झालं. गिटारवर थॉर्नेल श्वार्ट्झ, ड्रमवर बे पेरी. ध्वनिमुद्रक होता रूडी व्हॅन गेल्डर, जो दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि ज्याचा स्टुडिओ म्हणजे न्यू जर्सीतल्या आई-वडिलांच्या घराची बैठकीची खोली. ऑर्गन ध्वनिमुद्रित करणं तेव्हा डोकेदुखी समजली जायची. खर्ज फुगतो, बाकीचं सगळं गिळतो. गेल्डरने तो काबूत ठेवला.

तबकडीचं नाव लांबलचक. 'अ न्यू साउंड... अ न्यू स्टार... जिमी स्मिथ अ‍ॅट द ऑर्गन', आणि पुढे खंड पहिला. म्हणजे दुसरा येणार हे आधीच ठरलेलं. नवा नाद, नवा तारा. नाटकाच्या जाहिरातीसारखं.

आता ही तबकडी ऐकताना मला पहिल्यांदा काय जाणवलं ते सांगतो. तिच्यातल्या नऊ चालींपैकी बहुतेक चाली दुसऱ्यांच्या आहेत. जेरोम कर्नची 'द वे यू लुक टुनाइट', १९३६ सालच्या चित्रपटातली. जॉर्ज गर्श्विनच्या दोन, 'ओह, लेडी बी गुड' आणि 'बट नॉट फॉर मी'. (हा गर्श्विन हॅमंड ऑर्गनच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक होता, पण त्याला कल्पना नसणार की वीस वर्षांनी हेच यंत्र त्याच्या चालीचं असं काही करील.) 'मिडनाइट सन', 'टेंडरली' ही सगळ्यांच्या तोंडी असलेली गाणी. दोन वर्षांपूर्वीच्या एका विमानाच्या चित्रपटातलं गाणं. होरेस सिल्व्हरची 'द प्रीचर'. जिमीची स्वतःची म्हणावी अशी 'यू गेट चा'. पहिलं पुस्तक काढणाऱ्याने त्यात स्वतःच्या कविता फारशा ठेवू नयेत, असा हा प्रकार.

पण इथेच मला काही उमगलं. मीही विशीत, निम्म्या महाराष्ट्राप्रमाणे, ग्रेससारखं लिहीत होतो. मग कळलं की आपलं काही नाही, उसनं आहे, आणि त्या धक्क्यात अनेक वर्षं काहीच लिहिलं नाही. 'स्वतःचा विषय' शोधत बसलो. मुसलमानाने काय लिहावं याविषयीही लोकांच्या अपेक्षा असतात. त्या पुऱ्या करून पाहिल्या. त्याही उसन्याच निघाल्या. जिमी स्मिथने पहिल्या तबकडीत स्वतःचा विषय शोधलाच नाही. सगळ्यांना पाठ असलेली गाणी घेतली, कारण चाल ओळखीची असेल तरच हात नवा आहे हे कळतं. हे त्याने मुद्दाम केलं की कंपनीने सुचवलं याला माझ्या दृष्टीने फार अर्थ नाही.

'द प्रीचर'ची एक गोष्ट आहे. ही चाल चर्चच्या गाण्याच्या वळणाची, साधी, डोलत जाणारी. होरेस सिल्व्हरने ती १९५५ साली ब्लू नोटकडे आणली तेव्हा लायनला ती पसंत नव्हती, फार जुनाट वाटली. सिल्व्हर अडून बसला तेव्हा ती घेतली गेली आणि गाजली. वर्षभरानंतर तीच चाल ऑर्गनवर आली. चर्चचं वाद्य, चर्चच्या वळणाची चाल, आणि वाजतंय हार्लेमच्या क्लबवाल्याच्या हातून, दारूच्या ग्लासांच्या जगातल्या माणसाकडून. ऐकताना कळत नाही की कोण कोणाकडे परत आलं आहे. मला स्वतःला या तबकडीत हा तुकडा सर्वांत आवडतो.

तबकडी निर्दोष नाही, हेही सांगून टाकतो. पहिल्याच चालीत तो इतक्या वेगाने सुटतो की चालीची नजाकत चेंगरते. मला काय काय येतं हे दाखवायची घाई आहे. ड्रम आणि ऑर्गन एकमेकांना अजून नीट सापडलेले नाहीत. पुढे डोनल्ड बेली ड्रमवर आला तेव्हा ते जमलं. शांत गाण्यांत कुठे कुठे आवाज गोडगट्ट होतो, मालिकेतल्या रडण्याची आठवण येते. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'द सर्मन' ही वीस मिनिटांची बैठक ऐकली की पहिल्या तबकडीतला माणूस पोरगेला वाटतो. तिथे त्याला घाई नाही. एकच साधी जागा घोळवत, आपल्याकडे म्हणतात तसं, तब्येतीत वाजवतो. कोणी नवा ऐकणारा असेल तर मी त्याला 'द सर्मन'पासूनच सुरुवात करायला सांगेन. पण गोदाम ऐकू येतं ते पहिल्या तबकडीत.

परिणाम मात्र ताबडतोब झाला. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्लू नोटने त्याला तीन दिवस बसवलं आणि पाच एलपी भरतील इतकं संगीत काढून घेतलं. छोटी कंपनी त्याच्या विक्रीवर तगली, आणि न खपणाऱ्या कितीतरी थोर वादकांची ध्वनिमुद्रणं तिला करता आली. फिलाडेल्फिया हे ऑर्गनचं गाव झालं. शर्ली स्कॉट, जिमी मॅकग्रिफ, ट्रूडी पिट्स, त्या भागातून वादक येतच राहिले. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या छोट्या बारमध्ये मालक ऑर्गन ठेवू लागले आणि तीन माणसांचे संच गावोगाव फिरू लागले. दोनशे किलोचं वाद्य मोटारीमागे बांधून, जिने चढवून नेणारी माणसं होती ती. १९७५ साली हॅमंडने चकत्यांचे ऑर्गन बनवणंच बंद केलं, तरी लोक जुनी धूड दुरुस्त करकरून वाजवत राहिले. अब्बांसारखे कारागीर तिकडेही असणारच. फिलाडेल्फियाच्याच बाजूचा जोई डीफ्रान्सेस्को जिमीला गुरू मानायचा. जिमीने शेवटच्या काळात त्याच्याबरोबर एक तबकडी केली आणि ती २००५ साली, तो गेला त्याच वर्षी, बाहेर आली. जोईही २०२२ मध्ये गेला.

२००५ च्या पावसाळ्यात मी मुंबईहून त्या पहिल्या तबकडीची सीडी घेऊन घरी आलो. अब्बांचं काम तोवर सुटलं होतं. हात कापायचे. खोलीत दोन-तीन पेट्या तशाच पडून होत्या, लोक न्यायला आले नव्हते. मी म्हटलं, "अब्बा, तो पेटीवाला सापडला." त्यांना आठवत नव्हतं. मी 'द प्रीचर' लावलं.

ते ऐकत राहिले. मग विचारलं, "भाता कोण मारतो?"

मी सांगितलं, भाता नाहीच. वीज आहे. मोटर.

"मग डावा हात मोकळा?"

"मोकळा. पायसुद्धा."

त्यांनी आपला डावा हात उचलून पाहिला. साठ वर्षं त्या हाताने भाताच मारला होता. तो हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत त्याची बोटं हलवून बघत होते. खर्जाचा स्वर कुठे पडतो आहे ते शोधत असावेत. पुढे दुसरी चाल सुरू झाली. तिच्यात एका जागी 'टक्' आवाज स्पष्ट आला तेव्हा ते लगेच म्हणाले, "पट्टी ढिली आहे त्याची." मी त्यांना त्या दोषाची सगळी कथा सांगितली. इंजिनिअरांना तो घालवायचा होता, वादकांना ठेवायचा होता वगैरे.

"अपने पास लाया होता तो मैं ठीक कर देता," अब्बा म्हणाले. थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "अच्छा हुआ नहीं लाया."

त्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी मी बऱ्याच खंडानंतर पुन्हा कविता पाठवल्या. त्यातली एक छापून आली. ती पावसावर होती, म्हणजे ज्यावर मराठीत सगळ्यांनीच लिहिलं आहे.